व्हिडिओ गेमचे अपडेट क्रमांक

व्हिडिओ गेम बाजारात आल्यानंतर त्यात होणाऱ्या दुरुस्त्यांना, भरीला व फेरबदलांना निर्माते जो क्रमांक देतात, त्याला अपडेट क्रमांक किंवा खेळाडूंच्या बोलण्यात नुसते ‘व्हर्जन’ म्हणतात. कोणती प्रत आधीची व कोणती नंतरची हे ठरवणे आणि कोणत्या दोन प्रती एकमेकींशी जुळतील हे सांगणे, ही या क्रमांकाची दोन मूळ कामे आहेत. बदल किती मोठा आहे हेही त्यावरून कळते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे.

सर्वांत रूढ मांडणी बिंदूंनी विलग केलेल्या तीन अंकांची असते. पहिला अंक मोठ्या पुनर्रचनेनंतर, दुसरा नवी भर घातल्यावर आणि तिसरा केवळ दोष दुरुस्त केल्यावर वाढतो. अमेरिकी प्रोग्रामर टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या पद्धतीला ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने नियमबद्ध रूप दिले. परंतु ते नियम एकमेकांचे कोड वापरणाऱ्या प्रोग्रामरांसाठी आहेत आणि गेम कंपन्यांनी त्यांतला आकार तेवढा उचलला, शिस्त क्वचितच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पहिला अंक नव्या विस्तारासोबत बदलतो, म्हणजे तो तांत्रिक घडणीपेक्षा विक्रीस आलेल्या नव्या भागाशी बांधलेला आहे.

अंकांमधला बिंदू दशांशचिन्ह नसतो. ‘माइनक्राफ्ट’चे १.९ हे व्हर्जन फेब्रुवारी २०१६ मध्ये आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये १.१० आले, शाळेतल्या गणिताने पाहिले तर दुसरी संख्या लहान ठरते. नाशिक जिल्ह्यातील सातबारा उतारे हाताळणाऱ्यांना मात्र यात नवल वाटू नये, कारण एखाद्या गटाच्या ९ क्रमांकाच्या हिश्श्यानंतर १० क्रमांकाचाच हिस्सा येतो आणि त्याला कोणी दशांश म्हणून वाचत नाही.

काही वेळा क्रमांक हेच गेमचे नाव होऊन बसते. ‘काउंटर-स्ट्राइक’ मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमवर केलेला फेरबदल होता, त्याचे १.० व्हर्जन २००० साली आणि १.६ हे २००३ साली आले. सायबर कॅफेंच्या काळात नाशिकच्या मुलांनीही तो ‘वन पॉइंट सिक्स’ याच नावाने ओळखला. हा दिसणारा क्रमांक पुढे वाढलाच नाही, पण आतली प्रत बदलत राहिली. कॅफेत इंटरनेटशिवाय बसवलेल्या जुन्या प्रतींचा नेटवर्क प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांचा क्रमांक, ४७ होता आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन सेवेवरून अद्ययावत झालेल्यांचा ४८. दोन्ही संगणकांच्या पडद्यावर १.६ असूनही ४७ची प्रत ४८च्या सर्व्हरला जोडली जात नसे, आणि त्या काळात ही तक्रार भारतभर नेहमीची होती. खेळाडूला दाखवला जाणारा आकडा आणि यंत्र ज्यावर निर्णय घेते तो आकडा वेगळे असतात, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

मोबाइलवर हा भेद नियमातच आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपला माणसांसाठी एक व्हर्जन नाव आणि यंत्रासाठी एक पूर्णांक असतो; नव्या-जुन्याचा निवाडा फक्त पूर्णांकावर होतो आणि गुगल प्लेवर तो २,१०,००,००,००० च्या पुढे जाऊ शकत नाही. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या गेममध्ये अपडेट सर्व फोनांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. त्यामुळे नाशिकच्या सिडकोतला एक, पंचवटीतला एक आणि नाशिकरोडचे दोघे अशी चौघांची टोळी संध्याकाळी जमली, की पहिला प्रश्न ‘तुझं अपडेट झालं का?’ हाच असतो. एकाचेही व्हर्जन मागे राहिले तर त्याला सोबत खेळता येत नाही.

शून्याने सुरू होणारा क्रमांक अपूर्णता सुचवतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात ‘पबजी मोबाइल’ २०१८ पासून शून्याच्याच मालिकेत कोट्यवधी लोक खेळत होते आणि १.० सप्टेंबर २०२० मध्ये आले, भारतात त्यावर बंदी घातली गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’च्या कर्त्यांनी मात्र शून्यानंतरचे अंक आखलेल्या उद्दिष्टांपैकी किती टक्के पूर्ण झाली त्यावरून ठरवले, असा प्रामाणिकपणा विरळाच. उलट १.० हा शिक्का परिपूर्णतेची हमीही देत नाही. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये असंख्य दोषांसह विक्रीस आला आणि सप्टेंबर २०२३ मधील २.० ने त्याची कौशल्यरचना व पोलिसांची यंत्रणा नव्याने उभी केली. येथे पहिल्या अंकाची वाढ जाहिरातीला साजेशी होती, तशीच आशयालाही.

सतत चालणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये क्रमांक दिनदर्शिकेसारखा वापरला जातो. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चे अपडेट साधारण सहा आठवड्यांनी येतात आणि नवा प्रदेश खुला झाला की पहिला अंक बदलतो, म्हणून २.८ नंतर २.९ न येता थेट ३.० आले, आणि पुढे ३.८ नंतर ४.०. ‘डोटा २’ने डिसेंबर २०१६ मध्ये ६.८८ वरून ७.०० वर उडी घेतली; पात्रांच्या बळाचा किरकोळ तोल साधणाऱ्या पॅचना, म्हणजे छोट्या दुरुस्त्यांना, तेथे अंकानंतर अक्षर जोडले जाते. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये पहिली संख्या हंगामाची होती, २०२४ साली १४, २०२५ पासून तेथे वर्षाचे शेवटचे दोन अंक आले.

‘माइनक्राफ्ट’च्या चाचणी प्रतींवर वर्ष आणि आठवडा पूर्वीपासूनच लिहिला जात असे: ‘१३डब्ल्यू३६ए’ म्हणजे २०१३ च्या छत्तिसाव्या आठवड्यातील पहिली प्रत. मुख्य क्रमांक मात्र २०११ पासून एकच्या मालिकेत अडकून होता, आणि तो पहिला एक कशासाठी आहे हे खेळाडूंना उमगत नसे. डिसेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी मुख्य क्रमांकही वर्षावर आधारण्याचे जाहीर केले, आणि १.२१ च्या मालिकेनंतर १.२२ ऐवजी २६.१ हा क्रमांक ठरला.