जिनिव्हा करार म्हणजे शत्रूचे लाड नव्हेत

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना हमखास ऐकू येतं, ‘युद्धात कसले मानवाधिकार? शत्रूचे नुसते लाड!’ मी जुन्या वळणाचा माणूस, फाशीचाही समर्थक. तरी हे साफ चूक. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार, म्हणजे युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम, पकडलेल्या आपल्या जवानालाही लागू आहे. त्यानं सांगायचं फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक. मारहाण करून बाकीचं वदवून घेता येत नाही. समोरचा पाळतोच असं नाही, कबूल. आणि गुन्हा केलेल्या कैद्यावर खटला भरायला करार आडवा येत नाही. १९७१ च्या विजयानंतर आपण पाकिस्तानचे पकडलेले सुमारे ९३,००० जण सांभाळले, त्यात नागरिकही होते. अपशिंगे मिलिटरी या आमच्या जिल्ह्यातल्या सैनिकांच्या गावात फौजींच्या घरी हे समजावून सांगावं लागत नाही.