सरासरी चौपट झाली, मग मधल्या माणसाचे पैसे कमी कसे झाले?

मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर उघडा, कारण हे स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. तुमच्याकडे १००० रुपये आहेत आणि नाणं उडवायचंय. छापा पडला की जवळचे पैसे २० टक्क्यांनी वाढणार, काटा पडला की १७ टक्क्यांनी कमी होणार. फायद्याचा सौदा वाटतो ना? हिशोबाने आहेच, दर खेपेला सरासरी दीड टक्का वाढ. आता एकदा छापा आणि एकदा काटा असं करून बघा. १००० चे १२०० झाले आणि १२०० चे ९९६. एकदा जिंकलात, एकदा हरलात आणि खिशातून ४ रुपये गेले.

हाच खेळ लाखो लोक प्रत्येकी १०० वेळा खेळले असं समजा. सगळ्यांच्या पैशांची सरासरी होते साधारण ४४३२ रुपये, म्हणजे चौपटीच्या वर! पण सगळ्यांना गरीब ते श्रीमंत अशा रांगेत उभं केलं तर बरोब्बर मधोमध जो उभा असतो त्याच्या हातात ८१८ रुपये असतात, आणि १०० पैकी सुमारे ५४ जण सुरुवातीपेक्षा खाली गेलेले असतात. ज्याला ६० वेळा छापा पडला त्याचे ३२ हजारांच्या वर गेले आणि ज्याला ४० वेळाच पडला त्याच्याकडे उरले २० रुपये. कोणी जास्त कष्ट केले नाहीत, कोणी जास्त हुशार नव्हतं, सगळ्यांचं नाणं सारखंच होतं.

हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नाही. कारण आपण रोज बातम्यांत ऐकतो तो जीडीपी असतो सगळ्या देशाची बेरीज आणि दरडोई उत्पन्न असतं सरासरी, रांगेतल्या मधल्या माणसाबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत.

२० आणि १७ टक्क्यांचा हा खेळ अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे गणितज्ञ ब्रूस बोघोसियन समजावून सांगतात, पण ज्या मॉडेलवर ते काम करतात ते आपल्याकडच्या माणसाने मांडलेलं आहे. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले भौतिकशास्त्रज्ञ अनिर्बन चक्रबोर्ती यांनी २००२ मध्ये एक मॉडेल मांडलं, त्याला 'यार्ड सेल' (घराच्या अंगणात मांडलेली जुन्या वस्तूंची विक्री) म्हणतात. त्यात दोन माणसं व्यवहार करतात, नाणं अगदी समसमान, पण डावावर लागते ती रक्कम दोघांतल्या गरिबाच्या मालमत्तेचा ठराविक हिस्सा असते. त्याच्यासाठी तो हिस्सा मोठा आणि समोरच्यासाठी किरकोळ. कोणीही लबाडी न करता हे चालू ठेवलं तर शेवटी जवळजवळ सगळा पैसा एकाकडे जमा होतो.

खऱ्या आयुष्यात नाणं कुठे असतं? सोयाबीन काढल्या काढल्या विकावं लागतं कारण कृषी सेवा केंद्राची उधारी डोक्यावर असते, आणि ज्याच्याकडे गोडाऊन आहे तो भाव चढेपर्यंत थांबतो, दोघांचा माल तोच आणि बाजारही तोच. घरातलं एक मोठं आजारपण एखाद्याची एक एकर घेऊन जातं आणि दुसऱ्याची फक्त एक एफडी मोडते. हरल्यावर पुन्हा खेळायला काय उरतं, सगळा फरक तिथे आहे.

भारतातले आकडे बघा. विषमतेवर संशोधन करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अभ्यासाप्रमाणे २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. त्याच वर्षीच्या सरकारी सर्व्हेवरून काढलेला खर्चाचा जिनी निर्देशांक मात्र २५.५, म्हणजे भारत जगातल्या कमी विषमता असलेल्या देशांत बसतो. (जिनी ० म्हणजे सगळे सारखे, १०० म्हणजे सगळं एकाकडे.) यात खोटं कोणीच नाही. एक मोजणी खर्चाची आहे आणि दुसरी उत्पन्न-संपत्तीची, आणि कितीही श्रीमंत झाला तरी माणूस दिवसाला दहापट भाकरी खाऊ शकत नाही, वरचा पैसा जमिनीत आणि शेअर्समध्ये जातो आणि तो किराणा-भाड्याच्या सर्व्हेत दिसतच नाही. मला विचाराल तर दरी मोजायला खर्चाची पट्टी तोकडी आहे.

आता हेही तेवढंच खरं की आपला गरीब माणूस त्या खेळातल्यासारखा २० रुपयांवर आलेला नाही. जागतिक बँकेच्या मोजणीत भारतातली अतिगरिबी २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आली. मजुरी वाढली, रेशन मिळालं, पोरं शहरात जाऊन पैसे पाठवायला लागली. बोघोसियन यांनीही मॉडेलमध्ये अशीच एक भर घातली, प्रत्येक व्यवहारानंतर सगळ्यांच्या संपत्तीतून थोडं थोडं घ्यायचं आणि समान वाटायचं. तेवढ्याने सगळा पैसा एकाकडे जाणं थांबतं.

असं थोडं थोडं घेऊन वाटणं महाराष्ट्राने यार्ड सेल मॉडेल येण्याआधीच करून बघितलंय. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर (प्रोफेशन टॅक्स) आला. आजही पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००, ते कापणं सुरू झालं दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसासाठी.