ब्रिटनमधल्या आई-बाबांसाठी हीटिंगची सरकारी मदत: अर्ज नेमका कुठे अडतो

दर डिसेंबरला हा प्रश्न येतो. शेजारच्या आजींच्या खात्यात विंटर फ्युएलचे पैसे आले, आमच्या आईच्या का नाही? शेजारच्या आजींनी काहीही केलेलं नसतं. त्यांना स्टेट पेन्शन चालू असते, डीडब्ल्यूपीकडे (पेन्शन आणि भत्ते देणारं सरकारी खातं) त्यांची जन्मतारीख, पत्ता, बँक खातं सगळं असतं आणि पैसे परस्पर जमा होतात. आपली आई नोकरीच्या वयात नाशिकला होती, साठी उलटल्यावर मुलाकडे आली. घर मुलाच्या नावावर, गॅस-वीज सुनेच्या नावावर. कुठल्याही सरकारी यादीत तिचं नावच नाही. ज्यांना अर्ज करावा लागतो ते बहुतेक असेच लोक आहेत, आणि नाकारलेही तेच जातात.

मुळात ही सरकारची जबाबदारी आहे का? आहे. खासदार डेव्हिड अमेस यांनी खासगी विधेयक म्हणून आणलेल्या २००० सालच्या वॉर्म होम्स अँड एनर्जी कॉन्झर्व्हेशन ॲक्टने ती सरकारवर टाकली. पण त्या कायद्यावर बोट ठेवून कुणाला आपल्या घरासाठी पैसे मागता येत नाहीत. पैसे येतात ते योजनांमधून, आणि प्रत्येक योजनेचं खातं वेगळं, अट वेगळी, तारीख वेगळी. खालची माहिती इंग्लंड आणि वेल्ससाठी, २०२५-२६ च्या हिवाळ्याची आहे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडकडे चौकशी करावी; तिथे योजनांची नावंही वेगळी आहेत आणि रकमाही.

विंटर फ्युएल पेमेंट

१९९७ पासून चालू असलेली ही योजना. घरात ८० च्या आतले ज्येष्ठ असतील तर २०० पौंड, ८० किंवा त्याहून मोठं कुणी असेल तर ३०० पौंड. २०२५-२६ साठी जन्म २२ सप्टेंबर १९५९ च्या आधीचा हवा, आणि १५ ते २१ सप्टेंबर २०२५ या आठवड्यात तुमचं राहतं घर इंग्लंड किंवा वेल्समध्ये हवं. सगळी पात्रता या एका आठवड्यावर ठरते. डिसेंबरात तुम्ही कुठे होता हा प्रश्न नंतरचा. सप्टेंबरच्या शेवटी वयात बसलेल्यांना यंदा मिळत नाही, आणि त्यावर कितीही वाद घातला तरी उपयोग होत नाही.

गोंधळाचं खापर मात्र सरकारच्याच माथी. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की आता फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा भत्ता) वगैरे मिळणाऱ्यांनाच पैसे मिळतील. पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, तो निर्णय फिरवला. आता पुन्हा सगळ्या ज्येष्ठांना मिळतात, पण ज्याचं वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून एचएमआरसी, म्हणजे कर खातं, ते कराच्या रूपाने परत घेतं. २०२४ ची बातमी वाचून "आम्हाला नाहीच मिळत" असं धरून बसलेली अनेक घरं अजून आहेत. त्यांना गाठून सांगा.

३५,००० ची मर्यादा माणशी आहे, घरटी नाही. मुलगा कितीही कमावत असो, त्याचा इथे काही संबंध नाही. मात्र तुम्ही इथले करदाते रहिवासी असाल तर पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि भारतातल्या बँकेतलं एफडीचं व्याजही तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. "ते तिकडचं आहे" हे उत्तर एचएमआरसीला चालत नाही.

आणखी एक तक्रार नेहमीची: "अर्धेच आले." नवरा-बायको दोघेही ८० च्या आतले असतील तर प्रत्येकाच्या नावाने १००-१०० येतात. एकाने ८० पूर्ण केली असेल तर त्याला २०० आणि दुसऱ्याला १००. पेन्शन क्रेडिटसारखा भत्ता जोडीने घेत असाल तर पूर्ण रक्कम एकाच खात्यात येते. आणि २०२३-२४ मध्ये एकट्या माणसाला ५०० आले होते, त्यात ३०० महागाईची तात्पुरती मदत होती. ती बंद झाली आहे. तुमचे पैसे कुणी कापलेले नाहीत. बँक स्टेटमेंटवर तुमचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर आणि पुढे डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी ही अक्षरं दिसतात, तेवढं बघा. अनेकदा पैसे येऊन पडलेले असतात.

अर्ज कुणी करायचा? ज्यांना स्टेट पेन्शन किंवा डीडब्ल्यूपीचा दुसरा भत्ता मिळत नाही, किंवा ज्यांनी स्टेट पेन्शन पुढे ढकलली आहे आणि याआधी हे पैसे कधी घेतलेले नाहीत, त्यांनी. फक्त हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत) किंवा काउन्सिल टॅक्समध्ये सवलत असेल तर ती पुरत नाही, कारण ते काउन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) काम, डीडब्ल्यूपीचं नव्हे. अर्ज फोनवर किंवा टपालाने होतो. शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. वीजबिल, घराचे कागद, भाडेकरार यांतलं काहीही लागत नाही. हे दोनदा वाचा, कारण "बिल मुलाच्या नावावर आहे, मग आईला कसं मिळेल" म्हणून कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. या योजनेत बिल कुणाच्याही नावावर असू दे.

लागतं ते हे: बँकेचा तपशील, लग्नाची तारीख आणि एनआय नंबर. शिवाय त्या सप्टेंबरच्या आठवड्यात इस्पितळात किंवा केअर होममध्ये होता का, हेही विचारतात.

एनआय नंबर नसेल तर

खरी अडचण इथे आहे. इथे कधी नोकरी केली नाही म्हणून हा नंबर काढलाच नाही, असे आई-बाबा पुष्कळ. आधी घरात शोधा: जुन्या बायोमेट्रिक रेसिडेन्स परमिटच्या मागच्या बाजूला तो छापलेला असू शकतो. ते कार्ड २०२४ च्या अखेरीस बाद झालं, आता ई-व्हिसा आहे, पण म्हणून कार्ड फेकून देऊ नका. सापडला नाहीच तर वेगळा अर्ज करून नंबर येण्याची वाट बघत मार्च घालवू नका. भत्त्यासाठी अर्ज करताना नंबर नसला तरी अर्ज करता येतो. गरज असेल तर तो त्याच प्रक्रियेत दिला जातो. फोनवरचा माणूस "नंबरशिवाय पुढे जाता येत नाही" म्हणाला तर शांतपणे सांगा की नंबर नाही, आणि टपालाचा फॉर्म मागवा.

आता व्हिसाचं. ज्यांच्या व्हिसावर पब्लिक फंड (सरकारी भत्ते) घेता येणार नाही अशी अट आहे, त्यांनी अर्ज करू नये. व्हिजिटर म्हणून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा तर प्रश्नच नाही. हे मी दरडावून सांगते, कारण "करून बघू, नाही म्हणाले तर नाही" हा विचार व्हिसाच्या बाबतीत महाग पडतो. व्हिसावर नेमकं काय लिहिलंय हे कळत नसेल तर अर्जाआधी सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जा. सल्ला फुकट मिळतो.

वॉर्म होम डिस्काउंट: इथे बिलावरचं नावच सगळं ठरवतं

वर जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं इथे आहे, म्हणून लोक दोन्हीकडे चुकतात. ही सवलत १५० पौंडांची, वर्षातून एकदा, थेट विजेच्या खात्यावर जमा होणारी. रोख हातात येत नाही. पूर्वी घर गरम ठेवायला किती महाग पडतं याचाही हिशेब घालत आणि कुणी मान्य न केलेली आकडेमोड करून लोकांना बाहेर ठेवत. ती अट २०२५-२६ पासून काढली, हे बरं झालं. आता पेन्शन क्रेडिट, युनिव्हर्सल क्रेडिट असा उत्पन्नावर आधारलेला भत्ता हवा, वीज कंपनी योजनेत सहभागी हवी, आणि ठरलेल्या तारखेला बिलावर तुमचं किंवा तुमच्या जोडीदाराचं नाव हवं. २०२५-२६ साठी ती तारीख २४ ऑगस्ट २०२५ होती.

म्हणजे आईला पेन्शन क्रेडिट आहे पण बिल मुलाच्या नावावर, तर सवलत नाही. भाड्याच्या खोलीत राहता आणि बिल घरमालक भरतो, तरीही नाही. ऑगस्टनंतर नाव घातलं तर यंदा उपयोग नाही. पुढच्या वर्षासाठी जून-जुलैतच वीज कंपनीला फोन करून आईचं नाव खात्यावर घाला. फक्त एक लक्षात असू द्या: नाव घातलं की थकबाकीची जबाबदारीही तिच्यावर येते. मुलाचं बिल आधीच तुंबलेलं असेल तर १५० पौंडांसाठी आईला त्यात ओढू नका.

नाव असूनही पत्र येत नाही, याचं कारण बहुधा नावातच असतं. सरकार आपली यादी आणि कंपनीची यादी जुळवून बघतं. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बिलावर नुसती आद्याक्षरं, एकीकडे माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं, असा आपला कारभार. ज्ञानेश्वररावांचं नाव डीएनवायने सुरू होतं की जीएनवायने, हे त्यांच्याच दोन कागदांवर वेगळं असतं. कंपनीला सांगून बिलावरचं नाव डीडब्ल्यूपीच्या पत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, करून घ्या.

पत्रं दोन प्रकारची येतात. एकात "काही करायची गरज नाही" असं असतं, दुसऱ्यात "हेल्पलाइनला फोन करून माहिती द्या" असं. दुसरं पत्र पहिल्यासारखंच दिसतं, त्यामुळे लोक ते फाइलला लावून निवांत बसतात. पत्रात दिलेल्या तारखेच्या आत फोन केला नाही तर सवलत गेली. जानेवारी संपत आला आणि काहीच आलं नाही तर वाट न बघता स्वतः फोन करा. प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून वापरायचा) असलेल्यांनाही ही सवलत आहे. ती व्हाउचर किंवा टॉप-अपने मिळते.

थंडीची लाट आली की मिळणाऱ्या कोल्ड वेदर पेमेंटला अर्ज नाही. १ नोव्हेंबर ते ३१ मार्चच्या दरम्यान तुमच्या पोस्टकोडशी जोडलेल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं, की पात्र भत्ता घेणाऱ्यांना दर वेळी २५ पौंड येतात.

पेन्शन क्रेडिट आणि भारतवारी

वॉर्म होम डिस्काउंट आणि कोल्ड वेदर पेमेंट या दोन्हींचं दार पेन्शन क्रेडिट उघडतं, म्हणून त्याबद्दल थोडं. २०२५-२६ मध्ये आठवड्याचं उत्पन्न एकट्याचं २२७.१० पौंडांपेक्षा किंवा जोडप्याचं ३४६.६० पौंडांपेक्षा कमी असेल तर फरक सरकार भरून देतं. मुलगा आयटीत आहे म्हणून मिळत नाही, ही समजूत चुकीची. मुलाचं उत्पन्न यात मोजत नाहीत. मोजतात ती तुमची शिल्लक: १०,००० पौंडांच्या वरच्या प्रत्येक ५०० मागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. २५,००० साठवलेत, तर हिशेबात ३० पौंड आठवड्याचं उत्पन्न. भारतातला फ्लॅट आणि एफडीही शिल्लकेतच येतात. लपवू नका; नंतर कळलं तर सगळं परत मागतात.

जोडीतल्या एकाचं वय अजून पेन्शनचं झालेलं नसेल तर मे २०१९ पासून नव्याने अर्ज करता येत नाही. स्टेट पेन्शनचा अर्ज आधी झालेला नसेल तर पेन्शन क्रेडिटचा ऑनलाइन फॉर्म चालत नाही, फोन करावा लागतो. दुभाषी मागता येतो. मागा, त्यात लाजायचं काय? अर्ज तीन महिने मागच्या तारखेपासून धरता येतो, पण तसं अर्जात सांगावं लागतं.

मुलाने पाच वर्षांच्या पोषणाची हमी लिहून देऊन आई-बाबांना आणलं असेल तर साधारण त्या पाच वर्षांत पेन्शन क्रेडिट मिळत नाही. आणि ब्रिटिश पासपोर्ट असला तरी भारतात बरीच वर्षं राहून परतलेल्यांना इथे खरोखर वस्ती आहे हे दाखवावं लागतं. पासपोर्टचा रंग पुरत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तिकिटात. थंडी टाळायला नोव्हेंबरात पुण्याला, परत फेब्रुवारीत. घर इथलंच ठेवून काही आठवडे जाण्याने विंटर फ्युएल सहसा जात नाही. भारतात कायमचे स्थायिक झालात तर जातं. पेन्शन क्रेडिट मात्र साधारणपणे चार आठवड्यांच्या वर परदेशी राहिलात की बंद होतं. कुटुंबातल्या मृत्यूसाठी किंवा औषधोपचारासाठी ही मुदत वाढते, पण ती आधी कळवून. न कळवता तीन महिने राहिलात तर आलेल्या पैशांची वसुली येते, आणि पेन्शन क्रेडिटच्या जोरावर मिळणारी वॉर्म होम सवलतही धोक्यात येते. तिकीट काढायच्या आधी डीडब्ल्यूपीला फोन करा.

नाकारलं तर

"विंटर फ्युएलसाठी इथे क्लिक करा" असा मेसेज आला तर पुसून टाका. डीडब्ल्यूपी मेसेजवर बँकेचा तपशील मागत नाही. मदत लगेच हवी असेल, बॉयलर बंद आहे, मीटरमध्ये पैसे नाहीत, तर या योजनांची वाट न बघता आधी काउन्सिलला आणि वीज कंपनीला फोन करा. प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये (जास्त मदत लागणाऱ्या ग्राहकांची कंपनीकडची यादी) ज्येष्ठांचं नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

डीडब्ल्यूपीने नकार दिला तर फेरविचार मागता येतो, त्याला मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात. मुदत एक महिना, आणि ती निर्णयपत्रावरच्या तारखेपासून धरतात. पाकीट हातात कधी पडलं हे मोजत नाहीत. आई-बाबा भारतात असतील तर त्यांची टपाल उघडून बघायला कुणाला तरी सांगून ठेवा. उशीर झालाच तर कारण लिहून अर्ज पाठवा, सबळ कारण असेल तर उशिराचा अर्जही घेतात. "आम्ही फार अडचणीत आहोत" एवढंच लिहून भागत नाही. नकाराचं जे कारण पत्रात दिलं आहे, त्याच कारणाला उत्तर द्या आणि त्याचा कागद जोडा. फेरविचारातही नकार आला तर पुढे ट्रिब्युनल आहे, त्यालाही फी नाही.