लघुसराव (मोशन ग्राफिक्स)

अक्षरे, आकार, चिन्हे आणि चित्रे यांना गती देऊन केलेली दृश्यरचना म्हणजे मोशन ग्राफिक्स. चित्रपटाची श्रेयनामावली, बातम्यांच्या वाहिनीवरची नावपट्टी, जाहिरातीच्या शेवटी उमटणारे बोधचिन्ह, मोबाइलवर दाबताच हलणारे बटण हे सगळे तिच्यात मोडते. ही कला शिकताना दोन ते दहा सेकंदांचे, एकच प्रश्न सोडवणारे आणि पुन्हापुन्हा करायचे जे तुकडे केले जातात, त्यांना या नोंदीत लघुसराव म्हटले आहे. उसळता चेंडू, लंबक, शेपटीवाला चेंडू, पिठाचे अर्धे भरलेले पोते, वर्तुळाचा चौकोन होणे, एका शब्दाचा प्रवेश आणि निर्गम हे त्यांतले नेहमीचे प्रकार. सराव छोटा असावा लागतो, कारण डोळा एका वेळी एकच दोष नीट पकडतो. वीस थर हलत असलेल्या रचनेत नेमके काय बिघडले आहे, हे शिकणाऱ्याला सांगता येत नाही. एकच चेंडू हलत असेल तर लपायला जागा उरत नाही.

पूर्वपीठिका

असा सराव संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. डिस्नी स्टुडिओने १९३२ मध्ये डॉन ग्रॅहम यांना आपल्या चित्रकारांचे वर्ग घ्यायला बोलावले. पुढच्या काही वर्षांत त्या स्टुडिओत दबणे-ताणणे, पूर्वहालचाल, मागाहून येणारी हालचाल, कमानीतून होणारी गती अशा गोष्टींना नावे मिळाली. तिथेच आयुष्य काढलेल्या फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ती १२ तत्त्वे म्हणून ग्रंथबद्ध केली. जॉन लॅसेटर यांनी १९८७ मध्ये सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेतल्या निबंधात तीच तत्त्वे त्रिमितीय संगणकीय ॲनिमेशनला कशी लागू पडतात ते दाखवले. कागदावर पेन्सिलीने केलेल्या चाचण्या कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपाव्या लागत आणि फिल्म धुऊन आल्याशिवाय चूक दिसत नसे. एका सेकंदाला २४ फ्रेम (फिल्मवर एकामागून एक येणाऱ्या स्थिर छबी), एक चित्र दोन फ्रेम धरले तरी १२ चित्रे; म्हणजे सराव आखूड ठेवणे ही खर्चाचीही गरज होती. आता स्पेसबार दाबताच निकाल समोर येतो. सरावाची लांबी मात्र तेवढीच राहिली आहे.

मोशन ग्राफिक्सची धारा थोडी वेगळी. अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवेधी तोफांच्या नेमयंत्राचे सुटे भाग वापरून ॲनिमेशनचे यंत्र उभारले आणि १९६० मध्ये ‘मोशन ग्राफिक्स’ याच नावाची कंपनी काढली. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी ग्रँट मन्रो यांच्यासह १९७६ ते १९७८ या काळात गतीचे पाठ देणारी पाच भागांची चित्रफीत-मालिका केली. तिच्यात मुख्यतः हलते ती एक साधी चकती. ती एकसारख्या वेगाने जाते, वेग घेते, मंदावते, थांबते, मध्येच अडखळते. मोशन ग्राफिक्स शिकणाऱ्याने पाहावी अशी याहून नेमकी शिकवणी सापडणे कठीण. ना पात्र, ना गोष्ट, सगळे लक्ष गतीवर. आफ्टर इफेक्ट्स हे आज सर्वाधिक वापरात असलेले सॉफ्टवेअर १९९३ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी ॲडोबी या कंपनीकडे गेले. त्यानंतर ही विद्या घरच्या संगणकावर उतरली.

भारतात ॲनिमेशनच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगपट विभाग काढला आणि डिस्नीचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स तिथल्या चमूला शिकवायला आले. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन हे त्या पहिल्या शिष्यांपैकी. त्याही आधी दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून, महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा त्याच्यावर रोखून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा तुकडा केला होता, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या होत्या. अर्थात वाटाण्याचा प्रयोग शिकण्यासाठी केलेला नव्हता. पैसे घालणाऱ्यांना आपली करामत पटवणे हा त्याचा हेतू होता. दूरदर्शनच्या चिन्हाचा जन्मही शिकण्याच्या वातावरणातला. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी रेखाटले. दोन वक्राकार पाकळ्या फिरत येतात आणि डोळ्याच्या आकारात स्थिरावतात, एवढीच त्यातली हालचाल.

उसळता चेंडू

सगळ्या लघुसरावांत जुना आणि अजूनही न हटलेला सराव हाच. दिसायला तो इतका सोपा आहे की बहुतेक जण तो एकदा करून पुढे जातात आणि तिथेच फसतात.

हालचालीला किती फ्रेम लागल्या याला या क्षेत्रात टायमिंग म्हणतात आणि त्या फ्रेममध्ये अंतर कसे वाटले गेले याला स्पेसिंग. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतो, म्हणजे २४ फ्रेमच्या हिशेबाने ११ फ्रेम. हे झाले टायमिंग. पण या ११ फ्रेममध्ये चेंडू सारखा सरकत नाही. पहिल्या फ्रेमला तो जेमतेम एक सेंटिमीटरही उतरत नाही, शेवटच्या एका फ्रेममध्ये १७ सेंटिमीटर उतरतो. अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. चेंडू आपटल्यावर त्याचा ८० टक्के वेग शिल्लक राहतो असे धरले, तर पुढची उसळी ६४ सेंटिमीटरची, तिच्यापुढची ४१ सेंटिमीटरची. या दोन आणि त्यांच्यापुढच्या दोन उसळ्यांना अनुक्रमे १७, १४, ११ आणि ९ फ्रेम लागतात. उंची आणि वेळ दोन्ही घटतात, पण एकाच दराने नव्हे. उंची झपाट्याने घटते, वेळ सावकाश. नवशिक्यांचा चेंडू खोटा वाटतो तो बहुधा इथेच: उंची कमी करतात, फ्रेम तेवढ्याच ठेवतात.

दुसरी हमखास चूक सॉफ्टवेअर स्वतः करून देते. आफ्टर इफेक्ट्समध्ये दोन कीफ्रेम (हालचालीची जागा ठरवून दिलेल्या फ्रेम) निवडून एफ-९ दाबले की ‘ईझी ईझ’ लागते आणि हालचाल दोन्ही टोकांना मऊ होते. माथ्यावर ते बरोबर आहे, कारण चेंडू तिथे क्षणभर रेंगाळतोच. जमिनीशी ते साफ चूक. तिथे चेंडूचा वेग सर्वांत जास्त असायला हवा, आणि तो टेकण्याआधीच मंदावतो. वेळेनुसार जागा कशी बदलते ते वक्राने दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून पाहिले तर खरी उसळी खाली टोकदार आणि वर गोल दिसते. चेंडू पुढेही सरकत असेल तर आणखी एक काम करावे लागते. आडवी आणि उभी जागा वेगळ्या करून घ्यायच्या, कारण आडवा वेग जवळजवळ सारखा राहतो आणि उभा सतत बदलतो. दोन्ही एकाच वक्राने हाकले की चेंडू प्रत्येक माथ्यावर हवेत अडकल्यासारखा दिसतो.

दबणे आणि ताणणे त्यानंतर येते, आधी नाही. उभ्या दिशेला १२५ टक्के ताणले तर आडव्या दिशेला ८० टक्के करायचे. दोहोंचा गुणाकार १०० टक्केच राहतो आणि चेंडू फुगल्यासारखा वाटत नाही. दबणे जमिनीशी एक-दोन फ्रेमच टिकावे, आणि त्यासाठी चेंडूचा अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती आकार ताणला किंवा फिरवला जातो तो) मध्यावर न ठेवता तळाशी आणावा, नाहीतर दबताना तो जमिनीपासून सुटतो. मोशन ब्लर, म्हणजे वेगामुळे येणारा धूसरपणा, चालू असेल तर ताणण्याची गरज बरीच कमी होते.

सरावाचा खरा भाग यापुढे सुरू होतो: तेच वर्तुळ, तोच रंग, फक्त वजन बदलायचे. रबरी चेंडू, टेबल टेनिसचा चेंडू, गोळाफेकीतला ७.२६ किलोचा गोळा, फुगा. जड वस्तू लवकर पडते असे मनात बसलेले असल्यामुळे गोळ्याला खाली यायला कमी फ्रेम देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात गोळा आणि रबरी चेंडू एक मीटर उतरायला तेवढाच वेळ घेतात. फुगा तेवढा हवेमुळे मागे राहतो. वजन कळते ते आपटल्यानंतर. गोळा उसळत नाही, उसळलाच तर दोन-तीन फ्रेम, आणि मग तो घरंगळतो. टेनिस चेंडूचे नियमच आधाराला घेता येतात: २५४ सेंटिमीटरवरून टाकल्यावर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा, म्हणजे साधारण निम्म्याच्या वर. असे एकच सूत्र धरून केलेले चार चेंडू, तीस वेगवेगळ्या चकचकीत लूपपेक्षा (पुन्हापुन्हा फिरत राहणाऱ्या तुकड्यांपेक्षा) जास्त शिकवतात, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

रॉबर्ट पेनर यांनी २००१ मध्ये वेबवरच्या ॲनिमेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरसाठी प्रसिद्ध केलेली गतिवक्रांची सूत्रे पुढे वेबवर सर्वत्र पसरली. त्यांत उसळीचे तयार सूत्रही आहे. काम उरकायला ते उत्तम. सरावात ते वापरले की सरावच उरत नाही.

अक्षरांचे सराव आणि देवनागरी

मोशन ग्राफिक्समध्ये निम्म्याहून अधिक काम अक्षरांचे असते, म्हणून चेंडूनंतर शब्दाकडे वळतात. एक शब्द घ्यायचा, तो एका सेकंदात आत आणायचा, वाचता येईल इतका थांबवायचा आणि आला त्याहून कमी वेळात बाहेर काढायचा. वृत्तवाहिन्यांत ‘ॲस्टन’ म्हणतात ती नावपट्टी या सरावाचेच व्यावसायिक रूप. पट्टी बाहेर जाताना प्रेक्षकाचे लक्ष आधीच निघून गेलेले असते, त्यामुळे निर्गम लांबवला की पट्टी रेंगाळल्यासारखी वाटते.

इंग्रजीतून शिकवणारे धडे इथे मराठी विद्यार्थ्याला अर्ध्या वाटेत सोडतात. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, त्यामुळे त्यांना वरून पाडून तळाशी बसवणे नैसर्गिक दिसते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेले असते. त्याचा अँकर पॉइंट माथ्यावर नेला आणि अक्षराला लंबकासारखा हलका झोका दिला, तर ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखे डोलते आणि डोळ्याला लगेच पटते. तेच तळाशी धरून डोलवले तर शिरोरेषा करवतीसारखी तुटत जाते. यावरचा सोपा सराव असा: शिरोरेषा वेगळ्या थरावर काढायची, ती डावीकडून उजवीकडे १० ते १२ फ्रेममध्ये ओढायची आणि अक्षरे तिच्याखाली दोन-दोन फ्रेमच्या अंतराने उतरवायची.

दुसरी अडचण तोडणीची. अक्षरागणिक हालचाल देणारी तयार सोय लावली की कधी वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन बसते, कधी रफार मागे राहतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये एकच अक्षर अर्धे रूप आणि काना असे दोन तुकडे मिळून बनलेले असते. तिथे ‘ग’चा दंड स्वतंत्रपणे उडत येताना दिसतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द यासाठी कसोटीचा. म, हा, रा, ष्ट्र अशा चार घटकांत तो हलला पाहिजे, आणि त्यासाठी मजकुराचे आकारांत रूपांतर करून प्रत्येक घटक हाताने वेगळा करणे हाच भरवशाचा मार्ग. वेळ खातो, पण लिपीची बांधणी एकदा अशी हाताखालून गेली की बोधचिन्हाच्या कामात ती उपयोगी पडते.

रोजचे उपक्रम

ठरावीक दिवस रोज एक तुकडा करण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रुळली. बीपल या नावाने ओळखले जाणारे माइक विंकलमन यांनी १ मे २००७ पासून रोज एक चित्र करायला घेतले. पहिल्या ५,००० दिवसांच्या चित्रांचा एकत्रित डिजिटल संच मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेला. त्यानंतर रोजच्या सरावाला भलतीच झळाळी आली. पण हे काम प्रामुख्याने स्थिर चित्रांचे आहे. रचना, प्रकाश, रंग यांवर हात बसतो, गतीवर नाही. बार्सिलोनातून २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘३६ डेज ऑफ टाइप’मध्ये २६ अक्षरे आणि १० अंक यांचा रोज एक असा क्रम असतो आणि अनेक जण ती हलती करून देतात. हा हिशेब उघडच रोमन लिपीचा. स्वर, व्यंजने, बाराखडी आणि जोडाक्षरे असलेल्या लिपीसाठी तो मुळापासून वेगळा मांडावा लागेल.

अशा उपक्रमांत शिस्त लागते हे खरे. मात्र रोज नवे काही दाखवायचे म्हटले की कालच्या तुकड्यातली चूक आज दुरुस्त होत नाही. ती झाकणारे नवे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची तयार सोय) शोधले जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने एकाच तुकड्याच्या पाच आवृत्त्या करून त्या शेजारीशेजारी लावून पाहणे जास्त उपयोगी. आवाज बंद करून, अर्ध्या वेगाने आणि आरशात पाहिल्यासारखे उलटे करून पाहिले की डोळ्याला सवय झालेले दोषही वर येतात.

मर्यादा

लघुसरावातून गती कळते, क्रम कळत नाही. एका दृश्यातून दुसऱ्यात कसे जावे, नजर पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात न्यावी, निवेदनाच्या कोणत्या शब्दावर चित्र बदलावे हे प्रश्न तीस सेकंदांच्या पुढच्या कामातच उभे राहतात. ग्राहकाने चौथ्यांदा बदललेला मजकूर त्याच जागेत बसवणे, हेही सरावात येत नाही. शोरीलमध्ये (काम मिळवण्यासाठी दाखवायच्या निवडक कामांच्या चित्रफितीत) उसळता चेंडू घालावा का, यावर शिकवणाऱ्यांत एकमत नाही. बहुतेक स्टुडिओ मिनिटभराच्या शोरीलमध्ये पूर्ण झालेली कामे पाहू इच्छितात. मात्र पात्रांचे ॲनिमेशन करणाऱ्या नवख्यांकडून चेंडू आणि पोते यांच्या चाचण्या आजही मागितल्या जातात.