पाटीवरच्या नक्षीचा हिशोब कुठे हरवला?

मराठवाड्यात फ्लेक्सच्या किंवा रेडियमच्या दुकानात बोर्ड सांगायला गेलं की पहिला प्रश्न साईजचा. दहा बाय तीन म्हणजे तीस स्क्वेअर फूट, गुणिले दर, झालं बिल. अक्षरांभोवतीची वेलबुट्टी, कोपऱ्यातला मोर, वरचा गणपती, हे सगळं त्या दरात धरलेलं असतं. खरं तर ते धरलेलंच नसतं. नक्षीचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक चकित होतं. पण एकेकाळी हे पैसे वेगळेच लागत.

हाताने पाटी रंगवणारे पेंटर अक्षरांची उंची आणि संख्या बघून पैसे सांगत. अक्षरांना सावली हवी, दुहेरी किनार हवी, कोपऱ्यात वेल हवी, की दर चढे. त्यावर घासाघीस होई, पण नक्षीला पैसे का, असं कुणी विचारत नसे. काम डोळ्यांदेखत चाललेलं असे.

नक्षीचा तयार साठा ठेवण्याची रीतही संगणकाच्या आधीची आहे. पेंटर जाड कागदावर वेल काढत, तिच्या रेघेवर सुईने जवळजवळ भोकं पाडत आणि तो खाका पाटीवर धरून त्यावर कोळशाच्या किंवा गेरूच्या पुडीची पुरचुंडी थोपटत. कागद उचलला की पाटीवर ठिपक्यांची वेल उमटलेली. मग ब्रशने रंग भरायचा. खाका उलटा धरला की समोरच्या कोपऱ्यातली जुळी वेल तयार. छापखान्यातही तेच होतं. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, शेजारी किनारीचे तुकडे, फुलं, कोपरे आणि लग्नपत्रिकेसाठी गणपतीचा ब्लॉक ठेवलेला असे. मालकाने तो माल पैसे मोजून आणलेला असायचा, म्हणून त्याचा हिशोबही त्याच्या डोक्यात पक्का असायचा.

परदेशात हा साठा पुस्तकांतून विकला जाई. अमेरिकेच्या डोव्हर प्रकाशनाने जुन्या, हक्कमुक्त नक्षींची पुस्तकं काढली. डिझायनर त्यातलं चित्र कापून मांडणीवर चिकटवत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गर्बर कंपनीच्या यंत्रांनी पाटीची अक्षरं संगणकाच्या हुकुमाने विनाईलमध्ये, म्हणजे आपण रेडियम म्हणतो त्या चिकट प्लास्टिकमध्ये, कापायला सुरुवात केली. १९८९ साली कॅनडाच्या कोरल कंपनीचं कोरलड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आलं आणि पुढच्या आवृत्त्यांबरोबर हजारो क्लिप आर्ट, म्हणजे तयार चित्रं, सीडीवर मिळू लागली.

आपल्याकडे डीटीपीची, म्हणजे संगणकावर मजकूर-चित्रांची मांडणी करून देणारी, दुकानं झाली तेव्हा कोरलड्रॉ आणि श्रीलिपीसारखे मराठी फॉन्ट ही जोडी ठरून गेली. सीडी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत राहिल्या. पुढे गणपती, कलश, डोली, सनई-चौघडा अशा देशी चित्रांचे संग्रहही आले. नक्षी फुकटात मिळते असा समज इथूनच रुजला. मग फ्लेक्सची मशीन जिल्ह्याच्या गावांतून तालुक्यापर्यंत पोहोचली, शेजारच्या दुकानापेक्षा दर कमी ठेवायची चढाओढ लागली आणि डिझाईन त्या दरात कायमचं विरघळलं. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली. त्याच वर्षी मराठी पाट्यांचा नियम पाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलण्याचा विषय इतका पुढे आला, तरी नक्षीच्या दराबद्दल कुणी बोललं नाही.

मला यात सर्वांत जास्त खटकतं ते हे, की क्लिप आर्ट उचलून बसवण्यात काही काम नाही असं मानलं जातं. फोटोवरून ट्रेस केलेली वेल घ्या. तिच्यात शेकडो नको असलेले नोड, म्हणजे रेघेला वळण देणारे बिंदू, असतात. रेडियम कापणाऱ्या प्लॉटर यंत्राची सुरी तिथे अडखळते, वळणं खडबडीत होतात. वेलीचे बारीक तंतू फालतू रेडियम सोलताना सोबत उपटून येतात. एकावर एक पडलेल्या रेघा दोनदा कापल्या जातात. म्हणून नोड कमी करा, आकार जोडा, तंतू जाड करा. त्यात बरेच परदेशी संग्रह रोमन कॅपिटल अक्षरांसाठी बेतलेले. ती अक्षरं वरून-खालून सपाट, त्यामुळे चौकट अगदी अंगाला लागून बसते. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, आणि खाली उकार. 'कीर्ती ज्वेलर्स' लिहून तीच चौकट लावली की रफार वेलीत घुसतो. चौकट ताणली तर फुलं चपटी होतात. ती मधून कापून, तुकडा वाढवून पुन्हा जुळवावी लागते. यात सहज तास-दीड तास जातो.

शिवाय हा वेळ बोर्डाच्या आकारावर ठरत नाही. घराच्या दीड बाय एकच्या नेमप्लेटला लागतो तेवढाच वीस फुटी बोर्डाला. स्क्वेअर फुटाच्या हिशोबात छोटी पाटी नुकसानीत जाते, म्हणून तिच्यावर मेहनतच घेतली जात नाही. माझ्या मते साहित्य, मशीन आणि डिझाईन असे तीन आकडे बिलात वेगळे हवेत. समजा सहा हजारांचा संग्रह घेतला आणि वर्षात साठ पाट्यांना वापरला, तर पाटीमागे शंभर रुपये. दीड तासाचे तासाला तीनशेने साडेचारशे. हे साडेपाचशे रुपये आधी, मग स्क्वेअर फूट. गिऱ्हाईकाला नको असेल तर नक्षी काढता येते, दर पाडायची गरज नाही.

परवान्याचंही बघायला हवं. बहुतेक विकतच्या संग्रहांत नक्षी पाटीवर वापरायची मुभा असते, मूळ फाईल पुढे विकायची नसते. आणि ते चित्र एकट्याचं कधीच होत नाही, समोरच्या मिठाईवाल्याच्या पाटीवरही तोच मोर येऊ शकतो. ज्याला स्वतःचं बोधचिन्ह हवं आहे त्याला हे आधीच सांगावं.

आपल्या भागाची नक्षी तर या संग्रहांत क्वचितच दिसते. पैठणीचा बांगडी मोर, मुनिया, असावली बाजूला ठेवून आपण परक्या वेली लावतो. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. बऱ्याच नकला १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या, तरी १८९६-९७ मध्ये त्यांच्या पुस्तकाचे दोन खंड निघाले आणि त्यातला दुसरा खंड खास नक्षीचा आहे. ग्रिफिथ्स १९१८ साली गेले. भारतीय कायद्यात कलाकृतीचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे ती पानं वापरायला कुणाला पैसे द्यायचे नाहीत. मात्र अजिंठ्याच्या लेण्यांतल्या छतावरची कमळं अनेक रंगांची, छटांची आहेत. एका रंगाच्या रेडियमसाठी ती नव्याने काढावी लागतील, पाकळ्यांमध्ये कापायला पुरेशी जागा सोडून. हे काम एकदाच करायचं असतं आणि ती फाईल दुकानाची स्वतःची राहते.