गॅलरी बंद, कॅमेरा चालू : महामारीतल्या सी-स्पॅनमागची गोष्ट

मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे अमेरिकेच्या संसदेची इमारत, म्हणजे कॅपिटॉल, लोकांसाठी बंद झाली. सहली बंद, पाहुणे बंद, प्रेक्षक गॅलरी बंद. आणि नेमकं त्याच महिन्यात तिथं दोन ट्रिलियन डॉलरच्या वरचं मदत पॅकेज मंजूर होत होतं, म्हणजे इतका पैसा एका फटक्यात कधी वाटला गेला नव्हता आणि तो वाटला जाताना बघायला गॅलरीत जनतेतलं कुणीही नव्हतं. २५ मार्चला रात्री उशिरा सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, ते बिल ९६ विरुद्ध ० ने पास केलं. २७ मार्चला ते खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात आलं, तेव्हा थॉमस मॅसी या केंटकीच्या खासदाराने नोंदवलेल्या मतदानाची मागणी केली, त्यामुळे गणसंख्या, म्हणजे किमान हजेरी, दाखवायला शेकडो खासदारांना विमानं, गाड्या पकडून परत यावं लागलं, आणि अंतर ठेवून बसायला सभागृह पुरेना म्हणून बरेच जण वर प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. जिथून लोक खासदारांना बघायचे तिथं आता खासदारच!

हे सगळं बाहेरच्या माणसाला दिसलं ते सी-स्पॅनवर. पूर्ण नाव केबल-सॅटेलाइट पब्लिक अफेअर्स नेटवर्क. जाहिराती नाहीत, अँकरची आरडाओरड नाही, कापाकापी नाही, सभागृहात जे चाललंय ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बऱ्याच जणांना हे चॅनल कंटाळवाणं वाटतं. पण महामारीच्या वर्षात बाकीचे स्टुडिओ हबकले असताना हे मात्र चालू राहिलं, आणि ते का चालू राहिलं हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

आधी १९१८ चं बघू, कारण तुलना तिथूनच सुरू होते. त्या वर्षीच्या फ्लूच्या साथीत अमेरिकेत अंदाजे ६,७५,००० माणसं गेली. २८ सप्टेंबर १९१८ ला फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी मोठी परेड काढली, रस्त्यावर दोन लाखांच्या आसपास लोक होते, आणि पुढच्या काही दिवसांत शहरातली हॉस्पिटलं भरून गेली. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, गॅलऱ्याही बंद झाल्या, सुप्रीम कोर्टाने त्या महिन्यातली सुनावणी पुढे ढकलली. तेव्हा टीव्ही सोडाच, रेडिओ स्टेशनसुद्धा नव्हतं, पिट्सबर्गचं केडीकेए सुरू झालं नोव्हेंबर १९२० मध्ये. म्हणजे दार बंद झालं की आत काय चाललंय ते कळायला फक्त पेपर, आणि युद्धामुळे पेपरही बरंच काही दाबूनच छापत होते. इतकी माणसं गेली तरी ती साथ पुढे लोकांच्या आठवणीतून जवळपास पुसली गेली, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला नेहमी वाटतं. कुणी काही रेकॉर्डच केलं नव्हतं.

टीव्ही आल्यावर काँग्रेसने त्याला लगेच आत घेतलं असंही नाही. ३ जानेवारी १९४७ ला ८० व्या काँग्रेसचं उद्घाटन टीव्हीवर दाखवलं, पण पुढे गाडी अडली. १९५१ मध्ये सिनेटर एस्टेस कीफॉव्हर यांच्या गुन्हेगारीवरच्या सुनावण्या लोकांनी कामधाम सोडून बघितल्या, आणि दुसऱ्याच वर्षी स्पीकर सॅम रेबर्न यांनी प्रतिनिधीगृहाच्या समित्यांमध्ये कॅमेऱ्याला बंदी घातली. सिनेटमध्ये तशी बंदी नव्हती म्हणून १९५४ च्या आर्मी विरुद्ध मॅकार्थी, म्हणजे कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेला सिनेटर, या सुनावण्या दिसू शकल्या. तिथं ३६ दिवस मॅकार्थी कॅमेऱ्यासमोर होता आणि त्याचा प्रभाव लोकांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. एबीसी आणि ड्यूमाँट या दोन नेटवर्कनी ते जवळजवळ पूर्ण दाखवलं, मोठ्या दोघांना म्हणजे सीबीएस आणि एनबीसीला दिवसाचे कार्यक्रम बुडवणं परवडत नव्हतं. इथंच खरी मेख आहे, पूर्ण सुनावणी दाखवायची तर जाहिरातीवर चालणाऱ्या चॅनलला तोटा होतो. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाच्या वेळी सार्वजनिक टीव्हीने दिवसाची सुनावणी रात्री परत संपूर्ण दाखवली तेव्हा लोक रात्री जागून बघत बसले. बघणारे आहेत हे तेव्हा कळलं, दाखवणारा कायमचा हवा होता.

तो दाखवणारा ब्रायन लॅम्ब. इंडियानातल्या लाफायेटचा, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकलेला, नौदलात काम केलेला, नंतर केबल उद्योगावर लिहिणारा पत्रकार. त्याचं म्हणणं साधं होतं, केबल कंपन्यांकडे चॅनल रिकामे आहेत, सॅटेलाइट आलाय, मग काँग्रेस सरळ लोकांच्या घरात का पोचवू नये. सरकारी पैसा घ्यायचा नाही, जाहिराती घ्यायच्या नाहीत, केबल कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकामागे काही सेंट द्यायचे. बॉब रोझेनक्रान्स या केबलवाल्याने २५,००० डॉलरचा पहिला चेक दिला. तिकडे प्रतिनिधीगृहाने १९७७ मध्ये ९० दिवस फक्त इमारतीतल्या सेटवर दिसेल अशी चाचणी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ३४२ विरुद्ध ४४ मतांनी प्रक्षेपणाला मान्यता दिली. १९ मार्च १९७९ ला सी-स्पॅन सुरू झालं, त्या दिवशी सभागृहात पहिलं भाषण अल गोर नावाच्या टेनेसीच्या तरुण खासदाराचं होतं. स्टाफ चार जणांचा.

पण मान्यता देताना काँग्रेसने एक गोष्ट हातातून सोडली नाही, ती म्हणजे कॅमेरा. सभागृहातले कॅमेरे सी-स्पॅनचे नाहीत, ते सभागृहाचेच, चालवणारी माणसंही सभागृहाचीच, आणि नियम असा की जो बोलतोय फक्त त्याच्यावर रोखायचा. बाजूला कोण झोपलंय, कोण कुणाच्या कानात काय सांगतंय, बाकं रिकामी आहेत का, काही दाखवायचं नाही. सी-स्पॅनला मिळतो तो तयार फीड. १९८४ मध्ये रिपब्लिकन खासदार न्यूट गिंग्रिच आणि त्यांचे सहकारी दिवसाचं काम संपल्यावर रिकाम्या सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षावर तुटून पडायचे, घरी बघणाऱ्याला वाटायचं समोर लोक बसलेत आणि कुणाकडे उत्तरच नाही. मे महिन्यात स्पीकर टिप ओ'नील यांनी चिडून कॅमेरा फिरवायला लावला, रिकाम्या खुर्च्या देशाने बघितल्या, त्यावरून इतकं रामायण झालं की काही दिवसांनी भर सभागृहात स्पीकरचेच शब्द नियमबाह्य ठरले. कॅमेरा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. सिनेटने मात्र २ जून १९८६ पर्यंत दार उघडलं नाही, ते उघडल्यावर सी-स्पॅन २ आलं.

आता इतिहासाचे कार्यक्रम यात कुठून आले? सोपं कारण, काँग्रेस रोज बसत नाही. सुट्ट्या असतात, शनिवार-रविवार असतात, आणि चॅनल तर २४ तास चालवायचं. भाषणं, परिसंवाद, पुस्तकांवरच्या मुलाखती, असं भरता भरता इतिहास आत आला. १९९४ मध्ये अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांचे १८५८ च्या निवडणुकीतले जाहीर वादविवाद इलिनॉयमधल्या मूळ सात गावांमध्ये पुन्हा उभे केले, १९९९ मध्ये एकेका राष्ट्राध्यक्षाच्या गावी जाऊन वर्षभराची मालिका केली. २००१ मध्ये तिसरं चॅनल आलं, आणि जानेवारी २०११ पासून त्यावर वीकेंडचे ४८ तास पूर्ण अमेरिकन हिस्टरी टीव्ही असायचा. म्युझियममधून फेरी, इतिहासकारांच्या परिषदा, जुन्या फिल्म, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे कॉलेजच्या खऱ्या वर्गात मागे कॅमेरा लावून पूर्ण तास दाखवणं. प्राध्यापक फळ्याकडे वळतो, पोरं प्रश्न विचारतात, कुणी नाट्यीकरण करत नाही, तलवारी खणखणत नाहीत.

यासोबत एक काम चुपचाप चालू होतं, पुढे तेच कामाला आलं. १९८७ पासून पर्ड्यू युनिव्हर्सिटीत सी-स्पॅनचं अर्काइव्ह सुरू झालं, जे जे दाखवलं ते ते टेप करून, सूची करून ठेवायचं, आणि २०१० मध्ये ते सगळं इंटरनेटवर फुकट खुलं केलं. टीव्हीच्या जगात हे फार विरळा. जुन्या काळात टेप महाग म्हणून मोठमोठ्या चॅनलनी आपलेच कार्यक्रम पुसून त्यावर नवे रेकॉर्ड केलेत.

मग आला मार्च २०२०. कॉलेजं बंद, म्हणजे वर्गात कॅमेरा नेणं बंद. म्युझियम बंद, परिषदा रद्द. काँग्रेसच्या बैठकाही तुरळक. नवीन माल येणारा प्रत्येक रस्ता बंद झाला, पण मागे तीन दशकांचं साठवलेलं होतं. एरवी वीकेंडला असणारे इतिहासाचे कार्यक्रम सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या वेळेतही लागायला लागले. १९१८ च्या फ्लूवर इतिहासकार आधी जे बोलून गेले होते ते परत लागलं, नवीन चर्चा घरबसल्या व्हिडिओ कॉलवर झाल्या. आवाज तुटायचा, चित्र अडकायचं, मागे पुस्तकांचं कपाट. बाकी चॅनलवर हे विचित्र दिसलं असेल, इथं फारसं काही खटकलं नाही कारण दिसण्यावर या चॅनलचा भर कधी नव्हताच. फिलाडेल्फियाची परेड, मास्कवरून सॅन फ्रान्सिस्कोत झालेली भांडणं, सेंट लुईसने लवकर बंदी घातल्याचा फायदा, हे सगळं १९१८ चं, आणि ऐकताना वाटावं कालचंच चाललंय. त्या साथीला स्वतःचा टीव्ही नव्हता, तिला शंभर वर्षांनी दुसऱ्या साथीत मिळाला.

सकाळचा वॉशिंग्टन जर्नल हा फोन-इन कार्यक्रमही थांबला नाही. लोकांना थेट फोन करू देणं सी-स्पॅनने १९८० मध्ये सुरू केलं. एरवी फोनलाइन पक्षांप्रमाणे असतात, डेमोक्रॅट, रिपब्लिकन, अपक्ष. साथीत कितीतरी सकाळी प्रदेशाप्रमाणे लाइन ठेवल्या आणि डॉक्टर-नर्स लोकांसाठी वेगळी लाइन होती. समोरचा माणूस मध्येच न तोडता ऐकून घेतो हे तेव्हा फार मोलाचं वाटलं. पुढे कुणाला अभ्यास करायचा असेल तर सामान्य माणूस २०२० मध्ये काय बोलत होता हे त्या रेकॉर्डिंगमध्ये जसंच्या तसं आहे.

१२ मे ला सिनेटच्या आरोग्य समितीसमोर साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांची सुनावणी झाली, त्यात साक्षीदार व्हिडिओवरून, आणि समितीचे अध्यक्ष लामार अलेक्झांडरसुद्धा टेनेसीतल्या घरून, मागे त्यांचा कुत्रा निवांत पडलेला. त्याच आठवड्यात, १५ मे ला, प्रतिनिधीगृहाने एका खासदाराने दुसऱ्याच्या वतीने मत द्यायची मुभा दिली, दोनशे तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ऑगस्टमधली पक्षांची अधिवेशनंही बरीचशी पडद्यावरच झाली.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल झाला तो सुप्रीम कोर्टात. कोर्ट १९५५ पासून सुनावण्यांचं ऑडिओ रेकॉर्ड करतं, पण लोकांना ते खूप उशिरा मिळायचं. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या वादावरच्या बुश विरुद्ध गोर खटल्याच्या वेळी पहिल्यांदा त्याच दिवशी दिलं, २०१० पासून दर शुक्रवारी. थेट प्रक्षेपणाला मात्र नाहीच. सी-स्पॅनने वर्षानुवर्षं पत्रं पाठवली, विनंत्या केल्या, उत्तर तेच. मार्चमध्ये सुनावण्या पुढे ढकलताना कोर्टाने आपल्याच निवेदनात १९१८ चा, आणि १७९३ व १७९८ च्या पीतज्वराचा दाखला दिला. पण यावेळी किती दिवस ढकलणार? शेवटी ४ मे २०२० ला फोनवर सुनावणी झाली, बुकिंग डॉट कॉमच्या ट्रेडमार्कचं प्रकरण, आणि सी-स्पॅनने ती थेट ऐकवली. पडद्यावर बोलणाऱ्या न्यायाधीशाचा फोटो आणि नाव, बस. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स ज्येष्ठतेप्रमाणे एकेकाला प्रश्न विचारायला सांगत होते, त्यामुळे २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं एकही प्रश्न न विचारलेले क्लॅरेन्स थॉमस बोलायला लागले. जे विनंत्यांनी झालं नाही ते विषाणूने एका दिवसात करून टाकलं, हे लिहितानाही वाईट वाटतं, कारण हे आधीच सहज करता आलं असतं.

पुढचं असं, की दुसऱ्याच्या वतीने मत देण्याची मुभा जानेवारी २०२३ मध्ये संपली. त्याच महिन्यात स्पीकर निवडायला १५ फेऱ्या लागल्या, सभागृहाचे नियम अजून मंजूर नव्हते, म्हणून ते चार-पाच दिवस सी-स्पॅनचे स्वतःचे कॅमेरे आत फिरले आणि कोण कुणाशी खुसपुसतंय, कोण कुणावर धावून जातंय हे लोकांनी पहिल्यांदा नीट बघितलं. स्पीकर ठरला, नियम झाले, कॅमेरा परत बोलणाऱ्याच्या तोंडावर. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश ऑक्टोबर २०२१ मध्ये परत खुर्च्यांवर आले, पण थेट ऑडिओ तसाच चालू राहिला. आवाज येतो, चित्र अजून नाही.