ज्येष्ठांचा परवडणारा जलप्रवास (गोवा)

निवृत्तीनंतर पेन्शनीच्या बेतात राहून, अंगात ताकद असताना आणि ती उतरू लागल्यावरही, वर्षानुवर्षे करता येईल असा नदीतला व समुद्रातला प्रवास. जगभर या विषयाची चर्चा मोठ्या क्रूझ जहाजांभोवती फिरते. गोव्यात मात्र त्याचा खरा आधार फेरीबोट आहे. राज्य सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीतून पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ही मोठी प्रवास-सवलत आहे.

मांडवीवर पणजी–बेती, रायबंदर–चोडण, जुने गोवे–दिवाडी आणि दिवाडी–नार्वे, जुवारीवर कुठ्ठाळी–मडकई आणि दुर्भाट–रासई, उत्तर टोकाला केरी–तेरेखोल हे यांतले परिचित मार्ग. पूल झाले तरी बोटी टिकून आहेत. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा पणजी–बेती फेरीनेच माणसे आणि वाहने पैलतीरी नेली. तो काळ पाहिलेले आजचे आजी-आजोबा फेरीकडे पर्यटन म्हणून बघत नाहीत. त्यांची ती रोजची वाट होती. म्हणूनच सहल म्हणून ती त्यांना सुचवावी लागते.

एका सकाळीत होणारा, सुचवण्याजोगा मार्ग असा: पणजीहून कदंब (गोव्याच्या सरकारी) बसने जुने गोवे, तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत फेरीधक्का, फेरीने दिवाडी, बेट ओलांडून पलीकडचा धक्का आणि दुसऱ्या फेरीने नार्वे. बेटावर बस आहे, पण तिची वाट पाहण्याची तयारी हवी. नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीज अमदानीत तिथले देऊळ पाडले गेले, लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला आले आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे दुसऱ्या फेरीत बसलेला माणूस देव ज्या पाण्यावरून आला तेच पाणी ओलांडतो. साऱ्या वाटेवर खर्च बसच्या तिकिटाचा, धक्क्यापासून देवळापर्यंत वाहन केले तर त्याचा, आणि चहा-भजीचा. चोडणच्या बाजूला रायबंदरहून उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. खारफुटीतले ते रान सकाळच्या वेळी पाहावे.

फेरी फुकट असली तरी ती सर्वांना सोपी नसते. बोटीचा पुढचा फाळका साखळीने खाली येतो आणि धक्क्याच्या उतारावर टेकतो. भरतीला हा उतार दोन-चार पावलांचा असतो. ओहोटीला तोच लांब, तिरका आणि शेवाळाने निसरडा होतो, वर मागून स्कूटरी घाई करत असतात. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा प्रवास अंतरावर नव्हे, या उतारावर अडतो. निघण्याआधी त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहावी, वाहने उतरून गेल्यावरच उठावे आणि रबरी तळव्याची पादत्राणे घालावीत.

मुंबई–गोवा समुद्रमार्गाचा इतिहास हा या विषयाचा भावनिक गाभा आहे. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' यांसारख्या आगबोटी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटत, कोकणातली बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागत. मधल्या बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून (लहान होडीतून) काठाला येत. डेकवर सतरंजी पसरून, डबा उघडून, ओळखी काढत केलेला तो प्रवास कारकुनाच्या आणि गिरणी कामगाराच्या खिशाला झेपणारा होता. पावसाळ्यात सेवा बंद असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला ती कायमची थांबली. १९९४ मध्ये आलेली वेगवान कॅटमरान (दुहेरी तळाची बोट) काही वर्षांत बंद पडली, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली 'आंग्रिया' ही क्रूझ २०२० नंतर धावली नाही. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे १९९० च्या बांधणीचे जहाज मुंबईहून गोव्याच्या सफरी करू लागले. ती सुट्टीची सफर आहे; डेकवरच्या उतारूची जागा तिने भरून काढलेली नाही. ही जागा रिकामी राहिली याची हळहळ कोकण आणि गोव्यातल्या जुन्या घरांतून आजही ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

उतारूंचा मोठा भार कोकण रेल्वेने उचलला. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्ग खुला झाला. थिवी, करमळी आणि मडगाव ही ज्येष्ठांच्या सोयीची स्थानके. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत (पुरुषांना ४०, स्त्रियांना ५० टक्के) मार्च २०२० पासून बंद आहे. खालचा बर्थ मिळण्याची तरतूद मात्र चालू आहे: ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना जागा असेल तर तो आपोआप दिला जातो. महाराष्ट्राच्या एसटीत ७५ वर्षांवरील प्रवाशाला तिकीट नाही आणि ६५ पासून निम्मे आहे, पण हद्द ओलांडली की ही सवलत संपते. सावंतवाडीहून गोव्यात लेकीकडे येणाऱ्या आजीला हद्दीवरच्या बांद्यापुढचे पैसे मोजावे लागतात. गोवा सरकारची मुख्यमंत्री देवदर्शन यात्रा योजना २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या गाड्या तिरुपती, शिर्डी आणि वेलंकणीला जातात.

आयुष्यभर जहाजावरच राहण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांतली. २००४ मध्ये ली लिंडक्विस्ट आणि रॉबर्ट गोलब या शिकागोच्या डॉक्टरांनी मांडले की अमेरिकेतल्या वृद्ध-निवासाचा आणि क्रूझवर राहण्याचा खर्च जवळपास सारखा पडतो. हे गणित तिथल्या महागड्या शुश्रूषेवर उभे आहे. ज्याचे स्वतःचे घर आणि परसातली माडाची चार झाडे आहेत त्याला ते लागू पडत नाही. शिवाय जोखीम मोठी. 'लाइफ ॲट सी' ही ३ वर्षांची सफर जहाजच हाती न आल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाली. 'ओडिसी' हे निवासी जहाज दुरुस्तीपायी बेलफास्टला अनेक महिने अडकले आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निघाले. राहते घर विकून अशा जहाजाचे पैसे भरू नयेत.

छोट्या क्रूझचा खर्च मात्र आटोक्यात आणता येतो. खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. भाडे दोघांच्या हिशेबाने लावलेले असते, त्यामुळे एकट्या विधवेला किंवा विधुराला जवळपास दुप्पट पडते. म्हणून बहिणी-बहिणींनी, विहिणी-विहिणींनी जोडीने जावे. हंगाम बदलताना जहाजे एका समुद्रातून दुसऱ्यात हलवली जातात. त्या एकेरी सफरी स्वस्त असतात, पण परतीचे विमान धरून हिशेब करावा. बक्षिशी, बंदरावरची सहल आणि जहाजावरच्या डॉक्टरची फी भाड्यात धरलेली नसते, हे आधीच लक्षात घेऊन विमा घ्यावा. भारतीय पासपोर्टवर बहुतेक परदेशी बंदरांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

गोव्याला जहाजाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. सासष्टी, बार्देश या तालुक्यांतल्या कित्येक घरांतले पुरुष तारवटी (जहाजावरचे कामगार) म्हणून आयुष्यभर जहाजांच्या स्वयंपाकघरांत, इंजिनघरांत राबले. निवृत्त तारवट्यांसाठी राज्यात पेन्शन योजना आहे. क्रूझ निवडताना गावातल्या अशा माणसाला विचारावे: कोणती केबिन इंजिनाच्या वर येते, डोलणे कुठे कमी जाणवते, हे त्याला माहीत असते.

मुरगाव बंदरात क्रूझ जहाजांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात समुद्र बंद, पण नदीवरच्या फेऱ्या चालू राहतात. गणेश चतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला होड्या जोडून सांगोड (पाण्यावरची मिरवणूक) निघते. ती काठावर बसून पाहता येते. पणजी आणि जुने गोवे येथे तरंगते धक्के उभे राहिले आहेत. ते पाण्याबरोबर वरखाली होतात, त्यामुळे त्यांवर ओहोटीचा तिढा उरत नाही. फेरीच्या धक्क्यांना असा तरंगता भाग, हाताला कठडा, सावलीत बाक आणि वापरता येईल असे शौचालय मिळाले, तर चोडण–दिवाडीची वाट नव्वदीतल्या माणसालाही एकट्याने करता येईल. या चारही गोष्टींना नवी बोट लागत नाही.